फेटाळलेल्या कादंबरीचा तपास

जॅस्पर फोर्ड या इंग्रज कादंबरीकाराचे पहिले पुस्तक, ‘द आयर अफेअर’, हॉडर अँड स्टाउटन या प्रकाशनसंस्थेने जुलै २००१ मध्ये काढले. तोवर त्याच्याजवळ प्रकाशकांची नकाराची ७६ पत्रे साठली होती. त्याच्याविषयीच्या बहुतेक परिचयपर लेखांत हा आकडा ठळकपणे येतो, आणि तो येतो चिकाटीचे फळ गोड असते हे सांगण्यासाठी. आम्हांला त्या आकड्यात दुसऱ्याच कारणासाठी रस आहे. ज्या मजकुराला नकार मिळाला तो मजकूर पुढे गेला कुठे? फोर्डच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कादंबऱ्यांमध्येच सापडते, आणि त्याचा माग काढताना विनोदी विज्ञान-गुप्तहेरकथा या विचित्र संकराचा इतिहासही थोडाफार उलगडतो.

विज्ञानकथा आणि गुप्तहेरकथा यांचे जमणार नाही, असे एकेकाळी जाणकारही मानत. रहस्यकथेचा वाचकाशी एक अलिखित करार असतो: गुन्हेगार ओळखण्यासाठी लागणारे सर्व धागे वाचकासमोर आधीच ठेवलेले असले पाहिजेत. विज्ञानकथेचा लेखक मात्र शेवटच्या प्रकरणात खिशातून एखादे अपूर्व यंत्र काढून कोडे सोडवू शकतो. मग तो करार राहिला कुठे? ‘अस्टाउंडिंग’ मासिकाचा संपादक जॉन कॅम्पबेल याच मताचा होता. ते खोडून काढायच्या ईर्ष्येने आयझॅक अ‍ॅसिमोव्हने ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ लिहिली. ती १९५३ मध्ये ‘गॅलक्सी’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आली. यंत्रमानवांचे नियम आरंभीच उघड करायचे आणि कोडे त्या नियमांच्या चौकटीतच सोडवायचे, ही अ‍ॅसिमोव्हची तोड. त्यानेच पुढे वेंडेल अर्थ हा पंडित निर्माण केला. परग्रहांविषयीचे त्याचे ज्ञान अगाध, पण स्वभावाने तो इतका घरकोंबडा की घराबाहेर पडायचे म्हटले तरी त्याला धसका बसे. या संकरात विनोदाने पाऊल टाकले ते असे, पात्राच्या स्वभावविशेषातून. कथेची बांधणी अजून गंभीरच होती.

बांधणीलाच हास्याचा विषय केले डग्लस अ‍ॅडम्सने. १९८७ मध्ये त्याची ‘डर्क जेंटलीज होलिस्टिक डिटेक्टिव्ह एजन्सी’ आली. विश्वातील प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूशी निगडित आहे, अशी या डर्कची श्रद्धा. तेव्हा एखाद्या म्हातारीचे हरवलेले मांजर शोधण्यासाठी दूरच्या बेटांवर जाऊन आल्याचा खर्च तिच्याकडून मागणे त्याला तर्कशुद्धच वाटते. धागेदोऱ्यांचा तो जुना करार येथे इतका ताणला आहे की सगळे जगच धागा होऊन बसते.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो या कादंबरीचा पूर्वेतिहास. १९७९ मध्ये अ‍ॅडम्सने बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी ‘शादा’ नावाचे कथानक लिहिले होते. चित्रीकरण अर्धेअधिक झाले आणि बीबीसीत संप झाला. ‘शादा’ तशीच अपुरी पडून राहिली, ठरल्या वेळी प्रक्षेपित झालीच नाही. त्या पडक्या वाड्यातून अ‍ॅडम्सने प्रोफेसर क्रोनॉटिस हा विसरभोळा कालप्रवासी आणि केंब्रिजमधील सेंट सेड्ज हे काल्पनिक कॉलेज उचलले आणि नव्या कादंबरीत बसवले. याच कादंबरीच्या शेवटी कोलरिजही येतो. ‘कुब्ला खान’ अपुरी का राहिली याचा खुलासा कोलरिजने स्वतः केला होता: पोरलॉक गावाहून कोणी एक इसम कामानिमित्त आला आणि स्वप्नात सुचलेले बाकीचे काव्य विरून गेले. इंग्रजी साहित्याच्या प्रत्येक वर्गात सांगितला जाणारा हा किस्सा अ‍ॅडम्सने उलटा केला. त्याच्या कथेत पोरलॉकचा तो इसम म्हणजे डर्कच, आणि कवितेचा दुसरा भाग लिहिला गेला असता तर मनुष्यजातीवर अरिष्ट ओढवले असते. स्वतःची अपुरी संहिता वापरणाऱ्या लेखकाने जगातल्या सर्वांत प्रसिद्ध अपुऱ्या कवितेवर रहस्य उभारावे, हा योगायोग आम्हांला वाटत नाही. या वाङ्मयप्रकारात टाकून दिलेल्या मजकुराला आश्रय देण्याची काही अंगभूत सोय असावी.

फोर्डने ही सोय ओळखली आणि तिचे घरच बांधले. तो १९६१ साली लंडनमध्ये जन्मला. उमेदीची वर्षे त्याने चित्रपटव्यवसायात काढली: दृश्य धूसर होऊ नये म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगाकडे लक्ष ठेवणारा सहायक, ज्याला त्या धंद्यात फोकस पुलर म्हणतात. ‘गोल्डनआय’, ‘द मास्क ऑफ झोरो’ अशा मोठ्या चित्रपटांवर त्याने काम केले आणि उरल्या वेळात तो लिहीत राहिला. १९९४ च्या सुमारास त्याने एक कादंबरी पुरी केली. बडबडगीतातील हम्प्टी डम्प्टी भिंतीवरून पडला की त्याला कोणी ढकलले, याचा तपास करणारा जॅक स्प्रॅट हा पोलीस अधिकारी तिचा नायक. ती कोणी घेतली नाही. हीच आमच्या तपासातली बेपत्ता व्यक्ती; तिच्याकडे पुन्हा येऊ.

‘द आयर अफेअर’चे जग मात्र लवकरच सर्वतोमुखी झाले. इंग्लंडमधील स्विंडन हे गाव, साल १९८५. पण इतिहास वेगळ्या वळणाने गेलेला. क्रिमियाचे युद्ध अजून चालूच आहे, वेल्स हे स्वतंत्र समाजवादी प्रजासत्ताक आहे, लोक घरी डोडो पाळतात. या जगात साहित्य ही जिवंत सार्वजनिक बाब आहे. शेक्सपिअरची नाटके खरोखर बेकनने लिहिली असे पटवून देणारे प्रचारक दारोदार हिंडतात. नाणे टाकले की शेक्सपिअरची स्वगते म्हणणारी यंत्रे सार्वजनिक जागी उभी असतात. ‘रिचर्ड द थर्ड’चा प्रयोग प्रेक्षक संवाद ओरडत, स्वतः भूमिका करत साजरा करतात. साहजिकच साहित्यिक गुन्ह्यांसाठी पोलिसांचे वेगळे खाते आहे, आणि थर्सडे नेक्स्ट ही त्या खात्यातली गुप्तहेर. अ‍ॅकेरॉन हेडीस हा खलपुरुष डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’चे मूळ हस्तलिखित चोरतो, त्यातले एक किरकोळ पात्र बाहेर ओढून ठार करतो, आणि ते पात्र जगातल्या साऱ्या प्रतींतून नाहीसे होते. मग तो जेन आयरला पळवतो. प्रथमपुरुषी निवेदनाची निवेदिकाच गेल्यावर काय होणार? कादंबरीची पाने मध्यापासून कोरी पडतात. निवेदनमीमांसेचा एक पाठ येथे एका विनोदात उरकला आहे. निवेदनतंत्र शिकवणाऱ्या अध्यापकांनी हे उदाहरण वर्गात जरूर वापरून पाहावे.

या कादंबरीतील एक गोष्ट महाराष्ट्रात बसून वाचताना वेगळी लागते. शार्लट ब्राँटीच्या १८४७ च्या कादंबरीत सेंट जॉन रिव्हर्स हा धर्मोपदेशक जेनला हिंदुस्थानी भाषा शिकवतो, लग्न करून आपल्याबरोबर हिंदुस्थानात चल म्हणून आग्रह धरतो. ती नकार देते आणि रॉचेस्टरकडे परतते. थर्सडेच्या जगातल्या ‘जेन आयर’चा शेवट असा नाही. तिथे जेन सेंट जॉनबरोबर हिंदुस्थानला निघून जाते आणि कादंबरी संपते. हा शेवट फसला आहे याबद्दल वाचकांचे एकमत असते. हेडीसचा पाठलाग करत थर्सडे कादंबरीत शिरते, तिथल्या झटापटीत थॉर्नफील्डला आग लागते, आणि आपल्याला परिचित असलेला शेवट घडतो. म्हणजे ‘चुकीचा’ शेवट हिंदुस्थानकडे जाणारा, ‘बरोबर’ शेवट तिथून वाचवणारा. फोर्डच्या मनात काही दुष्टावा असेल असे आम्ही म्हणत नाही. तरीही पुस्तकवेड्या इंग्लंडचे हे लोभस स्वप्न रंगवताना ज्या साम्राज्याने हे वाङ्मय जगभरच्या वर्गांत नेऊन पोचवले, त्या साम्राज्याकडे तो फारसा वळत नाही. आपण हसतो, पण आपले हसू दोन पावले मागे उभे राहून येते.

आता पुस्तके खपवण्याविषयी. स्वखर्चाने पुस्तक छापून विकणारा या काटेकोर अर्थाने फोर्ड स्वतंत्र लेखक नव्हे. त्याच्यामागे प्रतिष्ठित प्रकाशनसंस्था होती. पण प्रकाशक जाहिरात करील आणि लेखकाने अलिप्त राहावे, ही रीत त्याने पाळली नाही. पुस्तके येऊ लागली त्याच काळात त्याने आपले संकेतस्थळ उभे केले, आणि तिथे जी जाहिरात होती ती कादंबरीचाच पुढचा भाग होती. कथेतल्या गोलायथ या राक्षसी कंपनीची तिथे स्वतंत्र पाने होती. चित्रपटांच्या तबकड्यांबरोबर वगळलेली दृश्ये आणि पडद्यामागच्या हकिकती देतात, तशा त्याने कादंबऱ्यांबरोबर दिल्या. संगणकाच्या आज्ञावलीला सुधारणा पुरवतात तशा त्याने पुस्तकांना पुरवल्या: छपाईतील चुकांची यादी वाचायची, पेन घ्यायचे, आणि आपल्या प्रतीवर स्वतःच्या हाताने दुरुस्त्या करायच्या. अनुक्रमणिकेत तेरावे प्रकरण दिसते, आत ते नसते. अशा खोड्या त्या वेगळ्याच. २००५ पासून वाचक स्विंडनमध्ये एका मेळाव्यासाठी जमू लागले. फोर्ड या आडनावाचे स्पेलिंग दोन एफ घालून करतात. तोच दुहेरी एफ आणि एका मोटारीचे नाव यांवर कोटी करून त्या मेळाव्याचे ‘फोर्ड फिएस्टा’ असे बारसे झाले. तिथे ‘रिचर्ड द थर्ड’चा तसाच गलबल्याचा प्रयोग होई आणि ‘हॅम्लेट’ भरधाव वाचण्याच्या स्पर्धा लागत. स्विंडनच्या एका नव्या वसाहतीत रस्त्यांना या मालिकेतल्या पात्रांची नावेही देण्यात आली.

लेखकाने असा बाजार मांडावा का, हा प्रश्न आपल्याकडे लगेच उठतो. मराठी साहित्यव्यवहारात स्वतःच्या पुस्तकाविषयी बोलणे हेच आत्मप्रौढीत मोडते, आणि लोकप्रिय रहस्यकथा तर समीक्षेच्या पंगतीबाहेरच बसते. हजारावर पुस्तके लिहिणाऱ्या बाबूराव अर्णाळकरांची आपल्या वाङ्मयेतिहासांनी किती दखल घेतली हे पाहिले म्हणजे पुरे. आम्हांला फोर्डचा हा उद्योग हिणकस वाटत नाही, त्याचे कारण असे. त्याच्या कादंबऱ्यांचे गृहीतकच मुळी हे आहे की संहिता वाचकाच्या सहभागावर जगते. ते गृहीतक मांडणाऱ्या लेखकाने वाचकाच्या हातात पेन द्यावे, हे सुसंगतच म्हणायचे. (जाता जाता: फोर्डचे वडील बँक ऑफ इंग्लंडचे मुख्य रोखपाल होते आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची सही पौंडाच्या नोटांवर छापली जाई. बापाची सही कोणी न मागता घरोघर पोचली. मुलाला दुकानोदुकानी बसून करावी लागली.) मात्र या जवळिकीची किंमतही मोजावी लागली. पुढच्या पुस्तकांत आधीच्या पुस्तकांतले विनोद इतके गृहीत धरलेले असतात की नव्या वाचकाला आपण दुसऱ्याच्या घरच्या बारशाला आलो आहोत असे वाटते. ‘वन ऑफ अवर थर्सडेज इज मिसिंग’ (२०११) तर आम्हांला निम्म्यावर दमवून गेली.

मालिकेचा कळस आमच्या मते तिसऱ्या भागात आहे. ‘द वेल ऑफ लॉस्ट प्लॉट्स’ २००३ मध्ये आली आणि विनोदी लेखनासाठीचे वुडहाउस पारितोषिक तिला २००४ मध्ये मिळाले. ग्रंथसृष्टीत एक महाग्रंथालय आहे. लेखकांच्या आद्याक्षरांप्रमाणे त्याचे २६ मजले. पण त्याखाली तितकीच तळघरे आहेत, आणि तिथे अप्रकाशित पुस्तके राहतात: अर्धवट, फसलेली, घडत असलेली. कथानके तिथे सुटी विकत मिळतात. पात्रे कोऱ्या चेहऱ्याने येतात आणि शिकून स्वभाव मिळवतात. ज्या पुस्तकांना भवितव्य नाही ती मोडीत काढून त्यांची अक्षरे अक्षरांच्या समुद्रात परत सोडली जातात. शत्रूंपासून लपण्यासाठी थर्सडे या तळघरांतल्या एका पुस्तकात येऊन राहते. ती एक मामुली पोलीसकथा आहे, नाव ‘कॅव्हरशॅम हाइट्स’. तिचा नायक निराश, चाकोरीतला, मोडीच्या भीतीने धास्तावलेला. त्याचे नाव जॅक स्प्रॅट.

दहा वर्षांपूर्वी नाकारलेल्या कादंबरीचा नायक तो हाच. फोर्डने त्याला पेटीतून बाहेर काढून थेट प्रसिद्धी दिली नाही. ‘अप्रकाशित’ म्हणूनच त्याला प्रकाशित पुस्तकात भाड्याची खोली मिळवून दिली. मौखिक परंपरेतली बडबडगीतांची पात्रे त्याच सुमारास संपावर जायच्या बेतात असतात. शेवटी त्यांना राहायला ‘कॅव्हरशॅम हाइट्स’ देण्यात येते, आणि त्या पात्रांमुळे मरू घातलेले पुस्तक जगते. दोन वर्षांनी, २००५ मध्ये, फोर्डने आपली जुनी कादंबरी नव्याने लिहून ‘द बिग ओव्हर ईझी’ या नावाने प्रसिद्ध केली. एका पुस्तकाच्या कथानकात दुसऱ्या पुस्तकाचा जीव वाचतो, आणि मग ते दुसरे पुस्तक खरोखर दुकानात येते. जाहिरातीच्या इतिहासात याला तोड असेल तर आम्हांला माहीत नाही. आणि ही जाहिरात आहे हे वाचताना लक्षातही येत नाही, कारण वाचक तोवर एका फसलेल्या पोलीसकथेसाठी हळहळू लागलेला असतो.

त्याच तिसऱ्या भागातले दुसरे सूत्र आज अधिक बोचते. ग्रंथसृष्टीत पुस्तकांसाठी एक नवी प्रणाली येऊ घातली आहे. वाचनाचा अनुभव अपूर्व, कथानकांची संख्या वाढलेली, सगळीकडे तिचा उदो उदो. थर्सडेला शोध लागतो की या प्रणालीतले पुस्तक तीनदा वाचले की कुलूपबंद होते. मग ते कोणाला उसने देता येणार नाही, जुन्या बाजारात विकता येणार नाही, ग्रंथालयांना ठेवता येणार नाही. हे २००३ सालचे लेखन आहे. अ‍ॅमेझॉनचे किंडल हे वाचनयंत्र नोव्हेंबर २००७ मध्ये आले. जुलै २००९ मध्ये हक्कांच्या घोळामुळे त्याच कंपनीने ग्राहकांनी विकत घेतलेल्या ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या प्रती त्यांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. फोर्ड भविष्यवेत्ता नव्हता. पुस्तक हातोहात फिरते म्हणूनच ते जगते, आणि विक्रेत्याला नेमके तेच खुपते, इतके त्याने ओळखले होते.

या वाचनयंत्राची दुसरी बाजू अशी की त्याच्याबरोबरच लेखकांना स्वतःचे पुस्तक थेट विक्रीस ठेवण्याची वाट खुली झाली. ७६ पत्रांची आता गरज उरली नाही. विनोदी विज्ञान-गुप्तहेरकथांच्या मालिका लिहिणारे कितीतरी लेखक आज याच वाटेने येतात: पहिला भाग फुकट, दुसरा स्वस्त, मुखपृष्ठ स्वतः ठरवलेले, आणि दिवसाचे निम्मे तास ‘माझे पुस्तक वाचा’ हे नव्या नव्या तऱ्हेने म्हणण्यात गेलेले. नाकारणारा दरवान गेला आणि त्याची जागा गर्दीने घेतली. फोर्डच्या तळघरांत अप्रकाशित पुस्तके कोणीतरी आपल्याला वर नेईल म्हणून थांबलेली असत. आता सगळी वरच आली आहेत, आणि वाचक नसल्यामुळे वरच्या मजल्यावरच त्यांचे तळघर झाले आहे. अशा लेखकाला फोर्डचे उदाहरण नेहमी दिले जाते. पण त्यातून जाहिरातीची क्लृप्ती तेवढी उचलली जाते. ती क्लृप्ती ज्या कल्पनाविश्वातून उगवली, ते काही उसने मिळत नाही.

स्वतः फोर्डला याची जाण होती, हे ‘द बिग ओव्हर ईझी’ पुन्हा उघडली की दिसते. त्या जगात गुप्तहेराची योग्यता ठरते ती त्याने किती गुन्हेगार पकडले यावर नव्हे. त्याच्या तपासाच्या हकिकती एका लोकप्रिय नियतकालिकात छापून येतात की नाही, हे पाहिले जाते. फ्रीडलंड चाइम्स हा तिथला तारा: देखणा, प्रसिद्धीचा हपापलेला, प्रत्येक खटला शेवटच्या पानावरच्या कलाटणीसह सादर करणारा. तपास वाचनीय व्हावा यासाठी पुराव्याशी खेळायला त्याची हरकत नसते. आणि जॅक स्प्रॅट? त्याच्याविषयी कोणी काही छापत नाही. तीन डुकरांनी लांडग्याचा खून केला असा खटला त्याने नुकताच चालवला आणि हरला. वरिष्ठ त्याच्या विभागाचा खर्च बंद करण्याच्या विचारात आहेत. भिंतीखाली फुटून पडलेल्या हम्प्टीचे कवच गोळा करायला तोच जातो, कारण एवढ्या क्षुल्लक कामाला दुसरे कोणी जाणार नसते.